गाऱ्हाण्यात नसलेलं माणूस

गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली, खिडकीबाहेर काळोख दाटला आणि रावजीच्या काळजात धस्स झालं. बायकोचं, तुळसाचं नाव गाऱ्हाण्यात राहिलं!

खेडकडच्या त्यांच्या गावात शीव ओलांडायची तर आधी गावदेवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, एकानं मागणं मागायचं नि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याचं नाव घ्याल त्याच्याबरोबर गावचा न दिसणारा राखणदार खांद्यावर घोंगडी टाकून, वहाणा करकरवत निघतो, नि त्याला सुखरूप घरी आणतो. पण नाव घेतलं त्यालाच! मागे भागोजीनं बाजाराला जाताना बायकोचं नाव घेतलं, बैलाचं विसरला. बायको आली, बैल अजून यायचाय.

रावजीनं आदल्या सांजेला लेक विनीतचं नाव घेतलं होतं, नात सानवीचं आणि स्वतःचं. मुंबईहून आलेल्या विनीतनं शनिवार-रविवारची रत्नागिरी ठरवली, तेव्हा गुडघ्यामुळे तुळसा येणारच नव्हती. सकाळी बघतात तर बाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी रिक्षात!

"आवो, त्वांड का असं? पोटात दुखतंय?" तुळसानं विचारलं.

"काय नाय गो. तू खिडकीपासनं आत सरक."

"काच बंद हाय! मी काय उडी मारतंय?"

सांगावं तर ती भीतीनं अर्धी होईल. थिबा राजाच्या वाड्यात त्यानं तिचा दंड सोडला नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर तिला पाण्यात पाय बुडवू दिला नाही. जेवताना तिच्या सुरमईचा काटा स्वतः काढला.

"बाबा, लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता पुरे!" विनीत हसला.

हसू देत. रावजीला मात्र मागून वहाणांची करकर ऐकू यायची. विनीतमागे यायची, सानवीमागे यायची, त्याच्यामागेही यायची. तुळसामागे तेवढी शांतता.

रविवारी रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन झालं आणि तुळसा तटाशी गेली. खाली समुद्र खडकांवर डोकं आपटत होता. वाऱ्यानं तिचा पदर उडवला, तो धरायला ती पुढे वाकली आणि पायाखालचा चिरा हलला. रावजी मनातल्या मनात ओरडला, 'बा म्हाराजा, माझं नाव काढ, तिचं घाल!'

वारा तिथल्या तिथं पडला. तुळसा धपकन मागे बसली.

"कुणी वढलं मला?"

करकर आता तिच्यामागे होती आणि रावजीच्या मानेला गार लागत होतं.

परतीला खेड आलं. सानवी उतरली, विनीत उतरला, तुळसा तर दुखऱ्या गुडघ्यानिशी हरणीसारखी उतरली. रावजीनं पाऊल उचललं तोच कुणाची तरी भलीथोरली बॅग दारात आडवी पडली. ती हलेना. शिट्टी झाली. फलाट मागे सरकू लागला.

"तुळसा! माझं नाव नाय गो गाऱ्हाण्यात! तुला दिलंय!"

तुळसानं एकदाच त्याच्याकडे बघितलं. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. नवऱ्याचं नाव जन्मात तोंडात घेतलं नव्हतं, ते अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल असं घेतलं.

"बा म्हाराजा, माझ्या रावजीला आण रं!"

"व्हय म्हाराजा!" दारातून रावजीच किंचाळला.

गाडी कचकन थांबली. साखळी कुणी ओढली ते गार्डाला अजून सापडलेलं नाही. रावजी बॅगेवरून उडी टाकून उतरला आणि तुळसाकडे पळत सुटला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही, कारण ओल्या घोंगडीचा वास अगदी कानाशी येत होता.