अडीच बोटं माया

सिनेमा शिकायला आमच्या कॉलेजात जो कोणी येतो, तो आधी दुसऱ्यांच्या सिनेमात हमाली करतो. मी चार सिनेमांत केली. एकात दिव्याचा स्टँड धरून उभी राहिले, दुसऱ्यात नटावर छत्री धरली, तिसऱ्यात बघ्यांची गर्दी आवरली आणि चौथ्यात दिग्दर्शकाचा मूड सांभाळला. या सगळ्यांत ते शेवटचं काम सर्वांत जड. आता माझं शेवटचं वर्ष होतं आणि पाचवा सिनेमा माझा होता. म्हणजे होणार होता. मधे फक्त शनिवारची सकाळ आडवी आली होती.

भानगड अशी की विभागाकडे धड कॅमेरा एकच, आणि येत्या रविवारी तो मागणाऱ्या टोळ्या दोन. संकलन शिकवणाऱ्या सरांकडे निकाल होता. त्यांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणतो, कारण आमच्या पटकथांतली एकही लाडकी ओळ त्यांनी आजवर जिवंत सोडलेली नाही. त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी मी दोघांच्याही जागी येऊन तालीम बघणार. ज्यांची तयारी पक्की, कॅमेरा त्यांचा. दुसऱ्यांनी त्यांना मदत करायची." मदत म्हणजे काय ते मला पाठ होतं. छत्री.

पण मी तयार होते. इतकी तयार की जेवताना घास हातात धरून समोरच्या भिंतीवर शॉट लावत होते, आणि रस्त्याने जाताना लोकांना मनातल्या मनात "जरा डावीकडे सरका" म्हणत होते. इतका आनंद अंगात मावत नाही, तो हातापायांतून बाहेर पडतो. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन कप फुटले.

सिनेमा सात मिनिटांचा. कपडे शिवणारी एक बाई एका मुलीसाठी कोट शिवते. मुलगी तो घालून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाणार असते. कोट तयार होतो, पण मुलगी न्यायला येतच नाही. बरेच दिवस जातात. शेवटी बाई तो कोट स्वतःच्याच अंगावर चढवते, आरशात बघते आणि दुकान बंद करून बाहेर पडते. बस्स. संवाद एकही नाही. ती बाई म्हणजे माझी मावशी, आणि दुकानही तिचंच. आई गेल्यापासून, म्हणजे मी दहा वर्षांची होते तेव्हापासून, दुकानावरच्या दोन खोल्यांत मी मावशीजवळ राहते. एवढ्या वर्षांत मला साधं बटण लावता येऊ नये, याचं मावशीला वाईट वाटतं. मला नाही.

मावशी हो म्हणाली, पण अट घालून. "मी नुसती बसून हात हलवणार नाही. डॉक्टरीणबाईंचा कोट मंगळवारी द्यायचाय, बुधवारी त्या विमानात बसणार. मी त्याचंच काम करत राहीन. तुम्ही तुमचं काय ते टिपा."

"अगं, पण तो खरा कोट आहे!"

"मग? खोटा कसा शिवतात ते मला येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी राखाडी लोकरी कापड स्वतः कुठूनतरी आणलं होतं, मोजून एका कोटापुरतं. मावशीने गुरुवारीच ते कापून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी आणि जिराफ दुकानात शिरलो. जिराफ हा माझा कॅमेरावाला. मावशीच्या दुकानाच्या चौकटीवर त्याचं कपाळ दर वेळी आपटतं आणि दर वेळी त्याला नव्याने आश्चर्य वाटतं. आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. निळी पट्टी मावशीसाठी, लाल कॅमेऱ्यासाठी. खिडकीतलं ऊन कापायच्या टेबलावर केव्हा येतं आणि केव्हा उतरतं, ते जिराफने खडूने टेबलाच्या कडेवर लिहून काढलं. मशीनची घरघर कुठल्या कोपऱ्यात कशी ऐकू येते, तेही आम्ही डोळे मिटून ऐकलं. मग मी भिंतीवर माझं वेळापत्रक लावलं. चार कागद एकाला एक चिकटवले होते, शॉट एकतीस. नऊ ते नऊ बारा, मशीनची सुई. नऊ बारा ते नऊ वीस, मावशीची बोटं. असं करत संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत. जेवायला पंधरा मिनिटं, तीही जिराफ रडला म्हणून. तेविसावा शॉट माझा जीव की प्राण होता. कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात तीन आरसे आहेत, त्या तिन्हींतून कॅमेरा फिरत फिरत मावशीच्या डोळ्यांपाशी येऊन थांबणार होता. वर्षभर मी तो शॉट उशाला घेऊन झोपले होते.

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. गिऱ्हाइकाने आणलेला कपडा तपासावा तसं.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण यात माया कुठे ठेवलीस?"

"शेवटच्या शॉटमध्ये," मी लगेच म्हणाले. "तुझ्या चेहऱ्यावर, एकदम जवळून. लोक रडले पाहिजेत बघ."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग जिराफकडे. "बरं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मावशीच्या 'बरं'चे दहा तरी प्रकार आहेत. याचा अर्थ मला लागला नाही, आणि लावत बसायला वेळही नव्हता.

तालीम झकास झाली. मी निळं जॅकेट घातलं होतं. मी आठवीत असताना मावशीने ते शिवलं, आणि प्रत्येक शूटिंगला मी तेच घालते. जिराफ त्याला शकुनाचं जॅकेट म्हणतो. आतून त्याच्या शिवणी जाडजूड आहेत, काखेत टोचतात. बाजारातल्या जॅकेटांना असलं काही नसतं अशी माझी जुनी कुरकुर आहे, आणि "नसणारच" हे तिचं जुनं उत्तर. मी "चालू" म्हटलं की मावशी काम सुरू करायची, "थांब" म्हटलं की थांबायची. कॅमेरा म्हणून जिराफने डोळ्यांपुढे धरलेल्या मोबाइलकडे तिने एकदाही बघितलं नाही. जिराफ माझ्या कानात म्हणाला, "ही तुझ्यापेक्षा भारी आहे गं." मला राग यायला हवा होता, पण मी खुशीत त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

शनिवारी सर अकराच्या आधी दहा मिनिटं आले. दारात वाकून आत शिरले, स्टुलावर बसले, मांडीवर वही ठेवली. आम्ही नववा शॉट दाखवायचं ठरवलं होतं. मावशी कात्री उघडून कापडाच्या कडेला टेकवते, आणि कापणार एवढ्यात शॉट संपतो. टेबलावर कोटाच्या पाठीचा तुकडा पसरला होता. तो कापून झालेलाच होता, कडेपासून आत टीप कुठे मारायची ती खडूची रेघ त्यावर होती. कात्री नुसती टेकवायची, बाकी सगळं नाटक.

"मावशी, कात्री जरा अलीकडे," जिराफ म्हणाला. "उन्हात."

मावशीने कात्री उन्हात आणली. पात्यावर असा काही प्रकाश चमकला की माझ्या पोटात फुलपाखरंच काय, अख्खी बाग उडाली. सर पुढे झुकले. मी बघितलं, ते पुढे झुकले! आता फक्त "थांब" म्हणायचं होतं. पण सरांसमोर "थांब" अगदीच घरगुती वाटलं. मी छाती भरून खणखणीत ओरडले, "कट!"

कर्रर्र.

कात्री कापडात शिरली होती.

मावशी सोळाव्या वर्षी एका मोठ्या दुकानात काम शिकायला राहिली होती. तिथले मास्तर कापडावर खडूने रेघ ओढायचे, "कट" म्हणायचे आणि पुढच्या कापडाकडे वळायचे. शिकाऊ मुलींनी विचारायचं नाही, थांबायचं नाही, कापायचं. नऊ वर्षं तिने ते ऐकलं. तो शब्द तिच्या कानात जातच नाही, थेट हातात जातो. हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं, हसत हसत, आणि मी शंभरदा ऐकलं होतं. सिनेमा शिकायला लागल्यापासून मीही तोच शब्द म्हणते, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

कॅमेरा, सर, दुसरी टोळी, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. डॉक्टरीणबाईंचं ते एकुलतं एक कापड, बुधवारचं विमान, आणि तीस वर्षांत एकही कपडा न बिघडवलेली माझी मावशी. मी ते बिघडवलं होतं. रुबाब दाखवायला.

"मावशी," मी म्हणाले, "माझं चुकलं गं."

तिने हात वर करून मला गप्प केलं. कात्री बाजूला ठेवली, चष्मा नाकावर घेतला आणि काप बोटांनी मोजला. कडेपासून आत, दोन बोटं. मग तिथून खडूच्या रेघेपर्यंत. अर्धं बोट. तिने सुस्कारा सोडला आणि चक्क हसली.

"वाचलं. माया आहे."

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"माया, सर. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ना, ते. बाकीचे बोटभर सोडतात. मी अडीच बोटं सोडते. माणूस जाड होतो, बारीक होतो, आपला डोळा चुकतो." तिने माझ्याकडे बघितलं. "कधी भाची ओरडते. हा काप शिवणीच्या आत जाईल, वरून कोणाला दिसायचा नाही."

जिराफ मटकन खाली बसला. मी रडत होते की हसत होते कोण जाणे, दोन्ही असावं.

"कालच विचारलं होतं मी हिला," मावशी सरांना म्हणाली आणि भिंतीकडे हात केला. "एवढा मोठा कागद आहे, यात माया कुठे आहे? तर म्हणते, शेवटच्या शॉटमध्ये."

सर उठले. कमरेवर हात ठेवून त्यांनी वेळापत्रक वाचलं, नऊपासून पाच चाळीसपर्यंत. माझे कान तापले. त्या कागदावर बोट शिरेल एवढीही फट नव्हती. मावशीला एक शिंक आली असती तर आमचा अख्खा दिवस उसवला असता.

"तुम्ही पोरं मला पाठीमागे काय म्हणता ते मला माहीत आहे," सर म्हणाले आणि खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली. "आज ते काम तू कर."

मी पेन्सिल घेतली. पहिला शॉट खोडताना हात अडखळला, दुसरा खोडताना कमी. शिलाईच्या डब्याचे दोन शॉट गेले. खिडकीतलं मांजर गेलं, त्याने तसंही आमचं ऐकलं नसतं. रस्त्यावरचे तीन गेले. मग मी तेविसाव्यापाशी आले. तीन आरसे. जिराफने मान फिरवली. त्या एका शॉटला दीड तास लागणार होता, आणि त्या दीड तासात मावशीला नुसतं उभं राहावं लागणार होतं. मी डोळे मिटून रेघ मारली. खरंच सांगते, दात काढल्यासारखं दुखलं, आणि मग दात काढल्यासारखंच हलकं वाटलं. त्यानंतर मला असा काही चेव आला की सरांनीच "अगं, बास" म्हटलं.

अठरा उरले. मधे मधे पांढऱ्या मोकळ्या जागा.

"आणि हे काय?" मोकळ्या जागेवर बोट ठेवून सरांनी विचारलं.

"माया, सर."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "दुसऱ्या टोळीकडूनच येतोय मी. त्यांच्या कागदावर चाळीस आहेत." ते दारापाशी जाऊन वळले. "उद्या सकाळी आठला कॅमेरा घेऊन जा. आणि ते थांबवायला दुसरा एखादा शब्द शोधा."

"पुरे म्हणेल ती," मावशी म्हणाली. "पुरे मला कळतं."

सर वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही कसाबसा दम धरला. मग जिराफने उडी मारली, कपाळ चौकटीवर आपटलं, आणि तो तसाच कपाळ धरून नाचत राहिला. मी मावशीला मिठी मारून उचलायला गेले. कुठेतरी टर्रकन आवाज आला. माझ्या जॅकेटची काख उसवली होती.

"काढ इकडे," मावशी म्हणाली.

मी जॅकेट काढलं आणि देताना उलटं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आतली शिवण नीट बघितली. काखेपासून कमरेपर्यंत कापडाची रुंद पट्टी, आणि तिच्यात सुईच्या भोकांच्या तीन जुन्या ओळी, एकीशेजारी एक. तिने ते जॅकेट तीनदा उसवून सैल केलं होतं आणि पुन्हा शिवलं होतं, कधी ते मला कळलंही नव्हतं. प्रत्येक वेळी ते मला आपोआपच होत राहिलं, असं मी धरून चालले होते. मी त्या ओळींवरून बोट फिरवलं.

"मावशी, यात अजून बोटभर शिल्लक आहे."

"असू दे," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला खिडकीकडे वळली. "अजून कुठे संपलंय तुझं वाढायचं?"