स्तोईमेनचा होकार

मित्रांनो, मी एक जुना, फिल्मवर चालणारा कॅमेरा. माझ्या उजव्या कडेचे कातडे झिजून गेले आहे. तिथे स्तोईमेनचा अंगठा असायचा. बुर्गास बंदरात क्रेन चालवणाऱ्या या माणसाने मला तीस वर्षे सांभाळले. माझी काच पुसायला त्याने जुन्या सदऱ्याचा मऊ तुकडा ठेवला होता. त्याच्या घरचे सगळे चेहरे मी पाहिले. तो मात्र कधी माझ्यापुढे आला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो त्याच्या मुलीबरोबर, बिलियानाबरोबर, बसने सोझोपोल या समुद्रकाठच्या गावी गेला. खानावळी बंद होत्या, होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्या होत्या. त्याने दिवसभर जाळी टिपली, अंजिराची पाने झडलेली झाडे टिपली, लाकडी घरांच्या खिडक्यांतली मांजरे टिपली. शेवटचे एक चित्र उरले तेव्हा बिलियानाने मला हिसकावून घेतले.

"बाबा, तिथं उभे राहा."

"माझ्यावर कशाला फिल्म घालवतेस? तो धक्क्यावरचा कुरव पक्षी बघ, माझ्यापेक्षा देखणा आहे."

"आणि तुमच्यापेक्षा गप्प बसतो! तयार?"

आमच्या देशात 'हो' म्हणताना मान डावी-उजवीकडे हलवतात, तुम्ही 'नाही' म्हणताना हलवता तशी. त्याने हलवली. ऊन उतरले होते. उजेड कमी, म्हणून माझा पडदा सावकाश मिटला.

पुढच्याच महिन्यात तो गेला. मी फिल्मसकट कपाटात पडून राहिलो.

माणूस गेला की घराच्या दारावर त्याच्या फोटोचा कागद लावतात, वर्षाने पुन्हा नवा. बिलियानाने सारे अल्बम उलटले. पण ते फोटो त्यानेच काढलेले, त्यांत तो कसा असणार? शेवटी ओळखपत्रावरचा लावला. त्यात तो पकडून आणल्यासारखा दिसत होता. ती दाराकडे न बघताच आत येई.

वर्ष भरत आले तेव्हा तिला मी आठवलो. तिने मला त्याच फडक्याने पुसले आणि फिल्म धुऊन आणली. पस्तीस चित्रे स्वच्छ होती. छत्तिसाव्यात कोट होता, मफलर होता, चेहरा हललेला.

"अगं, तोंड कुठंय यात?" झ्लातका आत्या म्हणाली. "लोक म्हणतील, मेल्यावर तरी स्वस्थ बस की रे!"

"आत्या, नीट बघ. बाबा 'हो' म्हणतायत."

आत्याने चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. मग स्वतःच चिकटपट्टी घेऊन आली.

"लाव. पण सरळ लाव हं. माझा भाऊ कधी वाकडा उभा राहिला नाही."

आता बिलियाना दारापाशी थोडी थांबून आत येते. मी खिडकीपाशी असतो, ते फडके अधूनमधून माझ्यावरून फिरते. मला एवढे पुष्कळ आहे.

मित्रांनो, आम्हा कॅमेऱ्यांना कोरडे ठेवा, काचेला बोटे लावू नका. आणि तुमच्या घरात जो नेहमी कॅमेऱ्यामागे असतो, त्याला एकदा पुढे उभे करा. तो हलला तरी चालेल.