दोन नळ

थर्मोकोलच्या पेटीत सोळा बाटल्या होत्या. चौदांची झाकणं घट्ट, दोनांची जराशी सैल. प्रत्येकीवर छापील पट्टी: वर कंपनीचं निळं चिन्ह, मध्ये गल्लीचं नाव, खाली 'घरगुती नळ, जुनी हुबळी'. सुमंतने त्या टेबलावर दोन ओळींत मांडल्या आणि चिन्ह आपल्याकडे येणार नाही अशा बेताने एकेक बाटली फिरवून ठेवली.

कंपनी बंगळुरूची, सल्ला देणारी. शहरासाठी कोणतं जलशुद्धीकरण यंत्र घ्यावं हे ठरवायला पाणीपुरवठा करणाऱ्या नवजल मंडळाने तिला नेमलं होतं, आणि तिने या कामावर पाठवला होता गुरुप्रसाद. सुमंतचा चुलतभाऊ, सहा वर्षांनी लहान. बारावीला रसायनशास्त्रात गडी काठावर होता. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या भाड्याच्या खोलीत सुमंतनेच त्याच्याकडून एकेक समीकरण घोटून घेतलं होतं. आता तो मंडळाच्या अध्यक्षांना नावाने हाक मारायचा. सुमंत त्याच मंडळाच्या प्रयोगशाळेत दहा वर्षं कंत्राटावर होता. "गुरूभावजींनी दुसरा फ्लॅट घेतला म्हणे," असं त्याची बायको मेधा जेवताना म्हणाली, की तो पाण्याचा पेला उचलून उजेडात धरायचा आणि आत काही तरंगतंय का ते बघायचा.

पहिल्या बाटलीत फ्लोराइड १.८ निघालं. दुसरीत १.९. तिसरीत २.०. वरची मर्यादा दीडची. सुमंतने प्रमाण द्रावण घालून मीटर पुन्हा जुळवून घेतला, पहिलीपासून सुरुवात केली. आकडे तेच, आणि सोळावीपर्यंत सगळे दीडच्या वर. मंडळाच्या नळाला येतं ते नदीचं पाणी, आणि त्यात अर्ध्याच्या वर आकडा गेलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

मग तो एकटाच हसला.

जुन्या हुबळीत घरोघरी दोन नळ. एक गोड्या पाण्याचा, येईल तेव्हा येणारा, पिण्यापुरता. दुसरा बोअरच्या सवळ्या, मचूळ पाण्याचा, धुण्याभांड्यांना; फ्लोराइड असतं ते त्यात. गुरूच्या हाताखालच्या बंगळुरी पोरांनी दारात दिसला तो नळ उघडून बाटल्या भरल्या होत्या. सोळाच्या सोळा.

उद्या अध्यक्षांसमोर बैठक होती. तिथे फक्त एवढंच विचारायचं. रिकाम्या प्रयोगशाळेत सुमंतने म्हणून बघितलं, "कोणत्या नळाचं, गुरू?" पुन्हा एकदा म्हटलं, जास्त हळू. हळूच बरं वाटत होतं.

पण उद्यापर्यंत त्याला दम निघेना. गुरू आज त्याच्या आईकडे, वत्सलाकाकूंकडे, जेवायला येणार होता. दुपारी सुमंत काकूंच्या गल्लीत शिरला, तर पांढऱ्या गाडीने अर्धी गल्ली अडवलेली. पोट आत घेऊन तो भिंतीकडून सरकला. पलीकडे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, गाडीची धूळ आपल्या बाहीने पुसली गेली आहे.

अंगणात गुरूचा ड्रायव्हर बाटली घेऊन नळापाशी वाकला होता.

"अहो, तो नको. सवळं आहे ते," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "पलीकडचा, पितळी." मग सुमंतला पाहून, "ये, बस. परका माणूस आला की हे ओरडणं आलंच बघ."

गुरू पाटावर बसून जेवत होता. "ये की, अण्णा. ताट घे."

काकूंनी सुमंतला आमटी वाढली. "ह्यानं लहानपणी एकदा सवळ्या पाण्यात डाळ लावली होती. केवढा वेळ उकळली, तरी टणक. आठवतं का रे?"

"पाठीला आठवतं," गुरू म्हणाला.

"एक धपाटा घातला, मग कधी नळ चुकला नाही हा."

सुमंतच्या हातातला घास तसाच राहिला.

हात धुवायला दोघं अंगणात आले. गुरूने विचारलं, "सोळाही झाल्या?"

"झाल्या."

"दीडच्या वर?"

सुमंतने ठरवलेला प्रश्न आता विचारण्यासारखा उरला नव्हता. तो म्हणाला, "बाटल्या भरल्या कुणी?"

"मीच." गुरूने पितळी नळ सोडला आणि सावकाश बोटं चोळली. "पोरांवर सोडलं असतं, तर एखाद्यानं गोडं पाणी भरून आणलं असतं."

"म्हणजे फ्लोराइड काढायचं यंत्र घ्यायला लावणार. नदीच्या पाण्याला."

"ते यंत्र एकच कंपनी बनवते. तीही आमच्याकडेच सल्ल्याला येते."

"दोन्हीकडून घेता?"

"दोन्हीकडे देतो, अण्णा. सल्ला." गुरूने रुमाल काढला, घडी मोडून आधी सुमंतपुढे धरला. "नव्या प्रकल्पाला प्रयोगशाळाप्रमुख लागेल. त्याच्या अटी मी लिहिल्यात. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मंडळाच्याच पाण्यावर दहा वर्षं काम, कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता यायला हवं. जाहिरात राज्यभर जाईल. बसणारा एकच."

सुमंतने रुमालाला हात पुसून तो परत दिला.

"कायमची?" त्याने विचारलं.

"कायमची. गाडीसकट."

"पांढरी?"

गुरू हसला. "रंग तू सांग की."

सुमंतने पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. पितळी नळ सोडला, पद्धतीप्रमाणे पाणी थोडा वेळ वाहू दिलं, बाटली त्याच पाण्याने विसळली आणि भरली. गुरू बघत होता. त्याने अडवलं नाही. उलट झाकण घसरून पडलं तेव्हा वाकून उचलून दिलं.

प्रयोगशाळेत परतल्यावर सुमंतने ती सतरावी बाटली तपासली. ०.४. मीटरचा दांडा धुतला, टिपला, पुन्हा बुडवला. ०.४.

त्याने ते पाणी बेसिनमध्ये ओतलं. बाटली तीनदा धुतली आणि जाळीवर पालथी घातली. मग संगणकासमोर बसला. 'स्रोत' या शब्दापुढे त्याने आधी 'बोअर' लिहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती आवाज करत निघून जाईपर्यंत त्याची बोटं तशीच थांबली. नंतर तो शब्द त्याने एकेक अक्षर मागे जात खोडला.

स्रोत: नळ. नमुने: सोळा. फ्लोराइड, सरासरी: १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर.