हवेत उघडणारं दार

“यावर कुणाचाच विश्वास बसायचा नाही, बाई, म्हणून मी हे सहसा सांगत नाही,” मामंजी परीक्षकबाईंना म्हणाले.

सहसा सांगत नाही म्हणजे काय, तर शेजारच्या मांजरालाही सांगून झालेलं असतं. एरवी सूनबाईने सासऱ्यांना तिथंच अडवलं असतं. पण आज तिचे दोन्ही तळवे बिस्किटाच्या भिंतीला लागलेले होते आणि जीव त्या भिंतीत अडकला होता. बोला मामंजी, ती मनात म्हणाली, काय वाटेल ते बोला, पण थांबू नका.

सुट्टीच्या आठवड्यात वाचनालयाच्या मोठ्या दालनात ही स्पर्धा भरायची. शहरातली एखादी जुनी इमारत निवडायची आणि ती ओव्हनमधून काढायची. पीठ, लोणी, साखर, अंडी. खाता येणार नाही अशी टाचणीसुद्धा आत चालत नसे. आणि एक नियम तर जीवघेणा: परीक्षकबाईंनी गुण द्यायला पेन्सिल हातात घेतली की बनवणाऱ्याने हात काढायचे. पुढं इमारत आणि तिचं नशीब.

सूनबाईचं नशीब आजवर बसकंच होतं. गेल्या साली तिचा पूल जेलीच्या नदीत बसला. त्याआधी तिचं दीपगृह जे आडवं झालं, ते थेट शेजारणीच्या केकच्या नाट्यगृहात शिरलं, तेही पहिल्या रांगेत. तेव्हापासून आळीत तिचं नावच पडलं, कोसळेवहिनी. दूधवाला तसंच हाक मारायचा. परवा तर खुद्द नवरा फोनवर कुणाला तरी म्हणाला, “थांबा, कोसळेवहिनींना विचारून सांगतो.” त्या दिवशी त्याला आमटी गार मिळाली. यंदाही इमारत पडली तर हे नाव नातवंडांपर्यंत जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून यंदा तिने बसकी, जाड भिंतींची जुनी टपालकचेरी घेतली. आल्याच्या बिस्किटाच्या भिंती, वर साखरेचा घुमट. घरून दालनापर्यंत आली, तडासुद्धा नाही. मग मामंजींनी चष्मा चढवला.

“दार कुठाय?”

“हे काय समोर.”

“ते नव्हे गं. वरच्या मजल्यावरचं, हवेत उघडणारं. उभा जन्म मी त्या कचेरीतून टपाल वाटलं. त्या दाराशिवाय ही टपालकचेरी कसली? गोठा आहे गोठा!”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. सूनबाईने सुरी घेतली. गार झालेलं बिस्किट कापू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण गोठा हा शब्द तिला लागला होता. दार झालं सुरेख, आणि दारापासून पायापर्यंत भिंत उभी चिरली. तिने घाईघाईने चिरेत साखरेचा कडक पाक ओतला आणि दोन्ही बाजूंनी तळवे लावले. पाक गार होऊन दगड व्हायला वेळ हवा होता. आणि परीक्षकबाई टेबलाशी येऊन ठाकल्या.

बाईंचा धंदाच जुन्या इमारतींच्या डागडुजीचा. त्यांची नजर बरोबर त्या दारावर गेली.

“अरे वा! हे दार सगळे विसरतात. त्या इमारतीत मी आठवडे काढलेत. आत जिना नाही, बाहेर सज्जा नाही. कशासाठी असेल हो ते?” असं म्हणत त्यांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे निघाला.

तेव्हाच मामंजींनी ते विश्वास न बसण्याचं वाक्य टाकलं, आणि हात वाटेत थांबला.

“आमचे मोठे साहेब उंच होते.”

“किती?”

“सकाळी पाऊस टोपीवर पडला, की बुटांना दुपारी कळायचं. खालच्या दारातून ते मावेनात, म्हणून वर दार काढलं. साहेब रस्त्यात उभे राहायचे, वरून मुंडी आत घालायचे आणि दिवसभर शिक्के मारायचे.”

“आणि पाय?”

“पाय रस्त्यावरच की. सायकलवाले मधून जायचे. घंटी वाजवून हो, उगाच खोटं कशाला बोलू.”

बाईंनी खुर्ची ओढली. “आणि पावसात?”

“छत्री होती ना! साहेब रिटायर झाले तेव्हा कचेरीवर ठेवून गेले. तुम्ही लोक तिला घुमट म्हणता.”

“आतून काड्यांसारख्या फासळ्या आहेत खऱ्या,” बाई पुटपुटल्या.

“मग साहेब जेवायचे कुठं?” हे विचारलं कुणी, तर सूनबाईने! बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मामंजी मात्र मोहरले. लग्न होऊन आल्यापासून सुनेने पहिल्यांदा ‘मग’ म्हटलं होतं. तिथंच त्यांचा तोल गेला.

“डबा मीच पोचवायचो, बांबूला बांधून. साहेबांना आल्याची बिस्किटं लागायची. पहाटे उठून कणीक मळायचो, याच हातांनी भाजायचो. हिला ही कृती दिली कुणी, असं वाटतं तुम्हाला?”

साहेब उंच, चालेल. घुमट छत्री, तेही चालेल. पण बिस्किट? ज्याच्यासाठी तिने ताटंच्या ताटं जाळली, बोटं पोळून घेतली, ते बिस्किट? सूनबाईचा एक हात कमरेवर गेला आणि दुसऱ्याचं बोट मामंजींच्या नाकाखाली.

“खोटं! मामंजी, धादांत खोटं!”

अख्खं दालन वळून बघायला लागलं. परीक्षकबाई तेवढ्या भिंतीकडे बघत होत्या. भिंत उभी होती, वरचं दार ऐटीत हवेत उघडं होतं, आणि बाईंनी हळूच पेन्सिल हातात घेतली.

सूनबाईला त्यातलं काही दिसलं नाही. “गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक आहे का तुम्हाला? परवा चहाला ठेवलेलं नुसतं पाणी करपवलंत तुम्ही, पाणी!”