एक रेघ आणि सही

दुसऱ्याच्या श्रमांचे मोल ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो, त्याने ते श्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजेत. मोल ठरवण्याचे काम यंत्राला सांगता येते. पाहण्याचे कर्तव्य मात्र माणसाकडेच उरते. परिचर्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बाईंना हे पक्के ठाऊक होते, आणि तरीही एका शुक्रवारी त्यांच्या हातून चूक घडली.

बाई तेथे तासिका तत्त्वावर होत्या. नेमणूक चार महिन्यांची, आणि ती सलग दिसू नये म्हणून दोन नेमणुकांच्या मधे तीन दिवसांचा खंड. त्यांचा विषय औषधांच्या मात्रांचे गणित: डॉक्टरांनी इतके मिलिग्रॅम लिहिले आहे, कुपीत इतके आहे, तर सुईत किती भरावे? दशांशचिन्ह एक घर सरकले तर रुग्णाच्या अंगात दसपट औषध जाईल, एवढा हा साधा आणि भयंकर विषय.

यंदा विभागप्रमुखांनी मोठ्या हौसेने एक सॉफ्टवेअर आणले होते. पडद्यावर प्रश्न येई, खाली चार उत्तरे, नव्वद सेकंदांची मुदत. चुकीच्या उत्तराला बोट लावले की ते लाल होई आणि पुन्हा निवडता येई. बरोबर उत्तर हिरवे झाले की पूर्ण गुण. बाई पहिल्याच दिवशी मागच्या बाकामागे जाऊन उभ्या राहिल्या. लिफ्ट येत नाही म्हणून बटणे दाबत सुटावे, तशी मुले-मुली चारही उत्तरांवर बोटे फिरवत होती.

"अगं, गणित कुठे केलंस?" बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले. सगळ्यांत चपळ म्हणून वर्ग तिला हरिणी म्हणे.

"करायचं कशाला, मॅडम? हिरवं झालं ना!"

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येकाला वही सक्तीची केली. वहीचा नियम एकच. चूक खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावरून एक रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, मग नवी मांडणी. ही रीत त्यांनी सासूबाईंकडून घेतली होती. सासूबाईंनी एकतीस वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काढली होती आणि अजूनही घरच्या वाणसामानाच्या यादीत त्या चुकलेल्या शब्दावर एक रेघ ओढून सही करत.

वर्गात एक विद्यार्थिनी वेगळ्या होत्या. वय त्रेचाळीस. अकरा वर्षे रुग्णालयात आया म्हणून राबल्यावर त्यांनी परिचर्येला प्रवेश घेतला होता. सारा वर्ग त्यांना मावशी म्हणे, आणि बाईही. मावशी आधी कागदावर मांडणी करत, एकदा पडताळत, मग पडद्याकडे वळत. तोवर नव्वद सेकंद संपलेले असत. वहीत उत्तर अचूक आणि पडद्यावर शून्य. सॉफ्टवेअरने त्यांना शंभरात एक्केचाळीस दिले. परीक्षेला बसायला साठ लागत.

"मावशी, मांडणी न करता थेट बोट लावून बघा की," हरिणी एकदा कनवाळूपणाने म्हणाली.

"बाळ, मी लोकांच्या अंगाला हात लावणार आहे उद्या. अंदाजानं नाही लावता येत गं."

यंत्रात एक सोय होती. शिक्षकाने वही तपासून आपला शेरा लिहिला, तर यंत्राचे गुण मागे पडून शिक्षकाचे गुण धरले जात. बाईंनी शुक्रवारी दुपारपर्यंत चौतीसच्या चौतीस वह्या तपासल्या, प्रत्येकीवर तारीख घालून सही केली आणि ठरवले की गुण शनिवारी सकाळी घरी निवांत भरू. परीक्षेची यादी सोमवारी संध्याकाळी पाचला जायची होती. घाई कशाला?

शनिवारी जेवणाच्या टेबलावर वह्यांची चळत मांडून त्यांनी संगणक उघडला. पडद्यावर अक्षरे आली: हे खाते अस्तित्वात नाही.

नेमणूक शुक्रवारी संध्याकाळी संपली होती. नवी मंगळवारपासून. इतकी वर्षे या खंडाचा त्यांना काही उपद्रव झाला नव्हता, कारण कागदाच्या वह्यांना नेमणूकपत्र लागत नसते.

"काय झालं गं? चेहरा का उतरला?" सासूबाई चष्मा पुसत समोर बसल्या.

"आई, मी चुकले. मावशींचे गुण भरायचे राहिले आणि आता मला आतच घेत नाही. सोमवारी यादी गेली की त्यांचं वर्ष गेलं."

"चुकलीस ना? मग पुसत बसू नकोस. रेघ ओढ, सही कर आणि पुढची ओळ लिही." सासूबाईंनी वरची वही ओढून घेतली आणि बराच वेळ पानांवर बोट फिरवले. "ही मावशीची? हिला मी माझ्या वॉर्डात डोळे मिटून ठेवली असती."

सोमवारी सकाळी दोन पिशव्यांत वह्या घेऊन बाई महाविद्यालयाच्या फाटकाशी आल्या. त्यांचे ओळखपत्र यंत्राने नाकारले. पहारेकरी ओशाळला.

"मॅडम, रजिस्टरमध्ये पाहुण्यांच्या पानावर लिहा हो. माझा नाइलाज आहे."

भेटीचे कारण या रकान्यात बाईंनी स्वच्छ अक्षरांत लिहिले: माझा वर्ग.

संगणक कक्षात एक तरुण तंत्रज्ञ बसे. प्रत्येकाला रोज नवा पासवर्ड करून द्यावा लागत असल्याने त्याला सगळे पासवर्डभाऊ म्हणत. त्याने बराच वेळ कळफलक बडवला.

"मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही नाहीच."

"अरे, मी तुझ्यासमोर उभी आहे."

"ते दिसतंय हो मला. सिस्टीमला दिसत नाही. तिच्या लेखी तुम्ही उद्या जन्माला येणार."

"आणि आज माझा वर्ग कुणाच्या पदरात?"

त्याने पुन्हा पाहिले. "विभागप्रमुखांच्या. खातं बंद झालं की वर्ग आपोआप त्यांच्याकडे जातो."

दुपारी दोन वाजता विभागप्रमुखांची बैठक संपली. ते मनाने सज्जन होते, पण आपल्या कौतुकाच्या वस्तूविषयी तक्रार ऐकताना त्यांचा स्वर कोरडा होई.

"मॅडम, एवढं काय त्यात? मी माझ्या खात्यातून सगळ्यांना सरसकट ऐंशी टाकतो. तुमच्या मावशी पास, तुम्ही सुखी, मी मोकळा."

एका शब्दाने काम होणार होते. बाईंनी क्षणभर पिशव्यांकडे पाहिले.

"नको, सर. मावशींना दानाचे ऐंशी नकोत. त्यांनी बहात्तर कमावलेत. आणि ज्यांना पंचवीस-तीसच यायला हवेत, त्यांना ऐंशी देऊन वॉर्डात पाठवायला माझं मन घेत नाही. मी वाचते, तुम्ही भरा."

"चौतीस वह्या? आणि कागदोपत्री आज तुम्ही इथं नाहीच आहात!"

"बरोबर. म्हणून मी आज काहीच ठरवत नाहीये. सह्यांवरच्या तारखा पाहा. शुक्रवारपर्यंत मी होते."

विभागप्रमुखांनी वरची वही उलटून तारीख पाहिली, घड्याळ पाहिले आणि नाइलाजाने खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या दहा वह्या त्यांनी नुसते आकडे ऐकून भरल्या. अकरावी हरिणीची होती. यंत्राने तिला शंभर दिले होते. बाईंचे गुण होते अठ्ठेचाळीस. विभागप्रमुखांचे बोट थांबले.

"ही तर आपली सगळ्यांत हुशार मुलगी!"

"हुशार आहेच. सातवं गणित बघा."

आदेश अर्ध्या मिलिग्रॅमचा, कुपीत प्रत्येक मिलिलिटरला दोन मिलिग्रॅम. उत्तर पाव मिलिलिटर. हरिणीने वहीत अडीच लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. काही खोडले नव्हते, शंकाही घेतली नव्हती. पडद्यावर मात्र तिसऱ्या बोटाला उत्तर हिरवे झाले होते.

विभागप्रमुख पूर्वी स्वतः वॉर्डात होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दसपट," ते हळूच म्हणाले.

"होय, सर. आणि तिला ते अजून माहीत नाही."

यानंतर ते नुसते आकडे भरीनात. प्रत्येक वही स्वतः उघडून पाहू लागले. मावशींची एकोणतिसावी आली. एका पानावर तीन चुकलेल्या ओळी, तिन्हींवर एकेक सरळ रेघ, शेजारी सही, चौथी ओळ अचूक. काही गणिते अर्धी राहिली होती, तेथे गुण नव्हते. विभागप्रमुखांनी बहात्तर लिहिले आणि खालच्या शेऱ्याच्या जागी स्वतःहून तीन शब्द घातले: मांडणी विश्वासार्ह आहे.

हरिणीसह चौघे साठच्या खाली आले होते. यादीत फेरतपासणीचा एक रकाना होता. तो आजवर कुणी वापरला नव्हता. चौघांची नावे तेथे गेली. गुरुवारी कागदावर नवी चाचणी, बाई स्वतः घेणार. पाचला सहा मिनिटे असताना यादी रवाना झाली.

"पुढच्या सत्रापासून वहीच्या पानाचा फोटो जोडल्याशिवाय उत्तर स्वीकारायचं नाही, असं करता येईल का?" विभागप्रमुखांनी उठता उठता विचारले.

"करता येईल, सर. मुदतही वाढवावी लागेल. पण ते उद्या सांगते. आज मी पाहुणी."

दोघेही मनापासून हसले.

फाटकाशी मावशी उभ्या होत्या. हरिणीने त्यांचा हात धरला होता. आपल्या अठ्ठेचाळीसांची बातमी तिला पोहोचली होती आणि डोळे लाल होते.

"मॅडम, गुरुवारपर्यंत मावशी मला रोज शिकवणार आहेत," ती खाली पाहत म्हणाली.

"रेघ ओढायला आधी शिक म्हटलं तिला," मावशी म्हणाल्या.

बाईंनी रजिस्टरमध्ये निघण्याची वेळ लिहिली आणि रिकाम्या पिशव्या घडी करून काखेत धरल्या. त्या दोघी वही उघडून फाटकालगतच्या कट्ट्यावर बसत होत्या.

त्यांच्या हातांनी उद्या ज्यांना औषध मिळेल, त्या अनोळखी जनांना आराम पडो. ज्यांनी त्या हातांकडे लक्षपूर्वक पाहिले, त्यांची दृष्टी दीर्घकाळ निर्मळ राहो.