काचेची मागची बाजू

"सही इतक्या खाली नको, दादा. तिथे मला बेडूक बसवायचाय."

दादानं मान वर केली नाही. "मग बेडूक वर सरकव," म्हणाला, आणि कोऱ्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आपली सही ठोकून मोकळा झाला. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून आठ काचा वाळत उभ्या होत्या. आठही काचांवर त्याची सही होती आणि दुसरं काहीही नव्हतं.

आधी सही आणि मग चित्र, हे ऐकून कोणी हसेल. पण या कामात तसंच चालतं. चित्र काचेच्या मागच्या बाजूनं काढायचं आणि पुढच्या बाजूनं बघायचं, त्यामुळे जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते सगळ्यांत आधी काढावं लागतं. आधी घुबडाच्या डोळ्यातली चमक, मग बुबुळ, मग पिसं, मग झाड, आणि आभाळ अगदी शेवटी. आभाळ चढलं की डोळा चुकलाय म्हणून रडण्यात अर्थ नाही. अक्षरंसुद्धा उलटी लिहायची, म्हणजे पुढून सुलट दिसतात. एवढं एक काम दादाला झकास जमायचं. बाकी सगळं धाकटी करायची. गेली चौतीस वर्षं.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो, आणि अजून धाकटीच. भाऊ आणि वहिनी धाकटी म्हणतात, पुतण्या धाकटी आत्या म्हणतो, आणि गल्लीतल्या दुकानदाराला तिचं खरं नाव विचारलं तर तो डोकं खाजवत बसेल. उलटं लिहिण्याची तिच्या हाताला इतकी सवय की एकदा दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तीही उलटीच. बिचाऱ्यानं शेवटी आरशासमोर धरून वाचली.

सुरुवातीची चार-पाच वर्षं दादानंही चित्रं काढली, खोटं कशाला बोला. पण त्याला धीर नव्हता. एक रंग वाळायच्या आत दुसरा फासायचा आणि सगळा चिखल करून ठेवायचा. त्याच सुमाराला धाकटीचं लग्न दीड वर्षात मोडलं आणि ती एक ट्रंक घेऊन परत आली. रिकामं बसवेना, म्हणून तिनं दादाची बिघडलेली एक काच पात्यानं खरवडली आणि तिच्यावर फांद्यांवर झोपलेले मासे काढले. दादा बराच वेळ बघत राहिला. कोपरा अजून कोरा होता. तिथे त्यानं आपली सही केली. तेव्हाच तिनं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. डोक्यावर छप्पर भावाचं होतं ना!

मग घुबडाच्या पंखांना पानं फुटली, गोगलगायीच्या पाठीवर दिवे लागलेलं घर आलं, आणि दादा मोठा चित्रकार झाला. एकदा एक बाई मुलाखत घ्यायला आली. "हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून?" तिनं विचारलं. "स्वप्नात दिसतं," दादा म्हणाला. स्वयंपाकघरात धाकटीनं कप इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला. "स्वप्नात म्हणे! झोपेत घोरण्यापलीकडे या माणसाला काही येत नाही," ती वहिनीला म्हणाली.

"हळू बोल," वहिनी म्हणाली. चौतीस वर्षांत वहिनीनं दुसरा सल्ला दिला नाही.

आज संध्याकाळी दादाच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडणार होतं. आणि आयोजकांनी ऐनवेळी पिल्लू सोडलं होतं, की चित्रकारांनी लोकांसमोर चित्र काढून दाखवावं. दादाला घाम फुटला. पण पुतण्या चलाख. तो फ्रेमा करायचा, आणि चौकटीत बसवून कसं विकायचं ते त्याला बरोबर कळायचं. "बाबा, तुम्ही फक्त सही करा. उलटी सही बघूनच लोक खूश होतील. पुढचं धाकटी आत्या करेल. हात थरथरतो म्हणून सांगू."

"दादा," धाकटी म्हणाली, "आजच्या काचेवर मी बेडूक काढणार. सहीसुद्धा मीच करते."

दादा हसला. अगदी मनापासून हसला, तेच तिला जास्त लागलं. "धाकटे, तुझी सही ओळखतं कोण?"

"बेडूक माझा आहे."

खरंच तिचा होता. मोरीत ती ब्रश धुवायची, तिथल्या दगडाखाली तो राहायचा. तीन वर्षं ती त्याला मनात वाढवत होती. डोंगराएवढा बेडूक, पाठीवर जंगल उगवलेलं, आणि तोंडात अलगद धरलेला चंद्र. एवढ्या वर्षांत हे एक चित्र तिला स्वतःच्या नावावर हवं होतं. एकच.

"बेडूक तुझा," दादा म्हणाला. "आणि घर कुणाचं?"

घराचा विषय निघाला की भांडण संपायचं. आजही संपलं. धाकटीनं रंगाच्या बाटल्या पिशवीत भरल्या, पण एकेक बाटली अशी कोंबली की पिशवीचा बंद तुटला.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मधोमध एका स्टँडवर मोठी काच उभी केली होती. एका बाजूला लोक खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला रंगांचं टेबल. भिंतींवर चाळीसएक चित्रं. धाकटीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यातलं पीस न् पीस तिला पाठ होतं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात दादा बसला होता.

दादा काठी टेकत काचेमागे गेला. ब्रश उचलला, झोकात उलटी सही केली. पुढून ती सुलट दिसली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दादानं हसत हात पुसले.

"अवघड काम झालं," तो लोकांना म्हणाला. "आता नुसते रंग भरायचेत. ते आमची धाकटी करेल."

नुसते रंग! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काचेमागे आली, टेबलावरचा बारीक ब्रश उचलला आणि दादापुढे धरला.

"नुसते रंगच ना? मग भर तूच."

"धाकटे, लोक बघतायत," दादा दातांतून म्हणाला.

"बघू देत. चौतीस वर्षं बघतच आलेत. आज कोण काढतंय तेही बघू देत. हे घुबड मी काढलं. ते मासे मी काढले. त्या गोगलगायीच्या घरातला एकेक दिवा मी लावलाय. तुला येत असेल तर या काचेवर एक डोळा काढून दाखव. एकच डोळा."

दादानं ब्रशाकडे पाहिलं. हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, आणि तो जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसला. वहिनी "हळू बोल" म्हणाली नाही.

सही अजून ओली होती. धाकटीनं चिंधी घेतली आणि एका फटक्यात पुसून टाकली. मग तिथेच, ठळक अक्षरांत, तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

समोरून कुणीतरी फिसकन हसलं. पुतण्या धावत आला. "आत्या! अगं, सुलट लिहिलंस! पुढून उलटं दिसतंय सगळं!"

तिनं बघितलं. खरंच की. घुबड, मासे, दूधवाल्याची चिठ्ठी, सगळं उलटं उतरवणारा हात. पण स्वतःचं नाव तिनं आजवर फक्त बँकेच्या आणि दवाखान्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, आणि तिथे ते सुलट लागतं. काचेवर लिहायची वेळच कधी आली नव्हती.

"पूस, पूस. पटकन परत लिही," पुतण्या चिंधी पुढे करत म्हणाला.

"राहू दे," धाकटी म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ज्याला वाचायचंय त्यानं मागे यावं."

ती चंद्राचा पांढरा रंग कालवायला लागली. समोर कुणाची तरी खुर्ची सरकली. काठीचा आवाज काचेला वळसा घालून तिच्या पाठीशी येऊन थांबला. दादा वाकला, चष्मा सारखा केला आणि त्यानं ते नाव वाचलं. एकदा वाचून त्याचं भागलं नाही, पुन्हा वाचलं.

"एवढं मोठं लिहायची काय गरज होती?" तो पुटपुटला.

"दादा, उजेड अडतोय. बाजूला हो."

दादा बाजूला झाला. धाकटीनं सगळ्यांत बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि कोऱ्या काचेवर, तिला हवा होता तिथेच, खाली, नावाला लागून, बेडकाच्या डोळ्यातला ठिपका ठेवला.