गौरवीचा सत्कार

“ऊठ गो. तुकाच बोलावतत,” आईने कोपराने ढोसलं, तरी गौरवी खुर्चीला चिकटून बसली.

आमोण्याच्या देवळाशेजारच्या सभागृहात वस्तीतले वडीलधारे विठ्ठलबाब माईकवरून सांगत होते, आपल्या वस्तीतली, या वाड्यावरची संगणकाची पदवी मिळवणारी ही पहिली मुलगी. खरं म्हणजे गौरवी नापास झाली होती. शेवटच्या सत्रातला सिस्टम ॲनालिसिसचा प्रकल्प तिला नडला. एखाद्या ठिकाणी जायचं, तिथलं काम कसं चालतं ते माणसांना विचारायचं आणि त्यावरून संगणकाची रचना बेतायची, एवढंच होतं ते. पण परक्या माणसाला काही विचारायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटे. तिने इंटरनेटवरून कुठल्याशा दवाखान्याचा तयार प्रकल्प उचलला. परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न केला, “तिथं कुणाकुणाशी बोललीस?” गौरवीने पुढ्यातली फाईल मिटली. मॅडम रागावल्याही नाहीत. त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा वडील, मधुकर, म्हशीला पाणी दाखवत होते.

“झाला गो?”

“झालं,” ती म्हणाली. परीक्षा झाली, एवढंच तिला म्हणायचं होतं. वडिलांनी पास झाली असं धरलं आणि संध्याकाळपर्यंत वाड्यावर पेढे वाटून झाले. मग तिचं तोंड उघडलंच नाही.

आता मंचावर तिच्या खांद्यावर शाल पडली. विठ्ठलबाबांनी माईक तिच्या हातात दिला. “पोरांना दोन शब्द सांग.”

समोर पहिल्या रांगेत वडील, इस्त्रीचा शर्ट घालून.

“मी पास झालेली नाही,” ती म्हणाली. “माझा प्रकल्प चोरीचा होता.”

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. वडिलांचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. गौरवीने शाल काढून पुढे केली. “आसू दे गो, आसू दे,” विठ्ठलबाब पुटपुटले आणि मग त्यांनी ती घेतली.

घरी जाताना आई पुढे झपाझप चालत होती. बांधावर आल्यावर वडील बोलले.

“आधी माका सांगूक होया होता गो. लोकांका मागीर.”

तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. आता तिला मान वर करता येईना.

सकाळी दूध काढून झालं. कॅन भरून ओट्यावर ठेवलेला होता. वडील शर्ट घालून त्याच्या शेजारी बसले होते. एकदा उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. दूध सोसायटीत कालचीच सगळी माणसं असणार.

“मी घेऊन जातंय,” गौरवी म्हणाली. त्यांनी वर पाहिलं नाही, पण कॅन तिच्याकडे सरकवला.

सोसायटीत ती पोचली तशा गप्पा थांबल्या. ती रांगेत उभी राहिली. दूध मापून झाल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता जाईल. ती खिडकीपाशी, दूध मापणाऱ्या सुदेशकाकांसमोर थांबली.

“सुदेशकाका, तुमचं इथलं काम कसं चालतं, ते मला समजून घ्यायचंय. परत प्रकल्प करायचा आहे. अगदी पहिल्यापासून सांगाल?”

मागे कुणीतरी हसलं. सुदेशकाकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि आतलं स्टूल पायाने पुढे ढकललं.

“बस. गर्दी सरू दी.”

गौरवी आत जाऊन बसली. तोंड रांगेकडे होतं. एकेक ओळखीचा चेहरा पुढे येत होता, कॅन ओतत होता, तिच्याकडे बघून जात होता.